निसेकोची दोरी, गुलमर्गचा उतार

डिसेंबर उजाडला की ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागतात आणि तेथील असंख्य कुटुंबे आपला समुद्रकिनारा सोडून थेट जपानच्या होक्काइदो बेटाची वाट धरतात. या बेटावर निसेको नावाचा डोंगराळ परिसर आहे. सैबेरियाकडून येणारे थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना बाष्प उचलतात आणि डोंगराला भिडताच ते हिमरूपाने रिते करतात. एका हिवाळ्यात येथे चौदा-पंधरा मीटर हिमवृष्टी होते, तीही पिठासारख्या भुसभुशीत हिमाची. दोन्ही पाय एकाच फळीवर जखडून या हिमावरून उतरण्याचा खेळ म्हणजे स्नोबोर्डिंग. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक खेळणे केले, त्यातून हा खेळ वाढला आणि १९९८ साली जपानमधल्याच नागानो येथे ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

परदेशी जाऊन बर्फावर घसरणे हे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून या विषयाची बोळवण करता येईल. तशी ती केलीही जाते. परंतु पाहुणा पैसे घेऊन दारात उभा राहिला असता यजमान समाजाने काय राखावे आणि काय सोडावे, या प्रश्नाचा धडा म्हणून निसेकोकडे पाहिले पाहिजे.

पाहुण्यांना आखलेल्या वाटांचे आकर्षण नव्हते. त्यांना हवे होते दोरीपलीकडचे अस्पर्श हिम, आणि तेथेच हिमस्खलनाचा धोका होता. माणसे गाडली गेली, मृत्यू झाले. सरसकट बंदी घालणे सोपे होते, पण ती कोणी पाळली नसती. मोकळीक दिली असती तर मृत्यू वाढले असते. निसेकोच्या जाणत्यांनी तिसरा मार्ग काढला. डोंगरावर ठरावीक ठिकाणी दरवाजे केले. बाहेर जायचे तर दरवाजातूनच, आणि तो उघडा असेल तेव्हाच. दोरीखालून वाकून जाणाऱ्याचा पास जप्त होतो, तो कितीही दूरच्या देशातून आलेला असो. दररोज सकाळी वारा, हिम आणि धोका यांची माहिती प्रसिद्ध होते. ‘निसेको नियम’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ज्यांचा जन्म त्या डोंगराच्या कुशीत गेला, त्यांच्या अनुभवातून ती आकाराला आली, म्हणूनच ती टिकली.

डोंगरावरची दोरी राखणाऱ्या या समाजाला पायथ्याची जमीन मात्र राखता आली नाही. जपानमध्ये परकीयांना जमीन विकत घेण्यास सामान्यतः आडकाठी नाही. आज निसेकोतील हानाझोनो हे केंद्र हाँगकाँगच्या उद्योगसमूहाकडे आहे, तर निसेको व्हिलेज मलेशियाच्या. कुत्चान हे तेथले जेमतेम पंधरा हजार वस्तीचे गाव. तेथील जमिनीच्या भाववाढीची चर्चा साऱ्या जपानभर झाली. हिवाळ्यात दुकानांच्या पाट्या इंग्रजीत बोलतात, शिकवणाऱ्यांत परदेशी तरुणांचा भरणा असतो, आणि एका वाडगाभर नूडल्सची किंमत ऐकून स्थानिक माणूसच दचकतो. कुत्चानने २०१९ पासून मुक्कामावर दोन टक्के कर बसवला. शहाणपण खरे, पण उशिराचे.

आता भारताकडे वळावे. येथील पर्यटकाचे परदेशी हिम बहुधा टिटलिस किंवा युंगफ्राउयोखच्या माथ्यावर तासाभरात आटोपते. भाड्याचे बूट, चार छायाचित्रे आणि परतीची बस. त्याला ना दोरी ठाऊक, ना दरवाजा. परंतु खरा स्नोबोर्डिंग करणारा परदेशी पाहुणा भारताच्या दारात केव्हाच येऊन पोहोचला आहे. गुलमर्गच्या गंडोलाचा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला आणि सुमारे ३,९०० मीटरहून उंच असलेली अफरवतची धार काही मिनिटांच्या अंतरावर आली. हे हिम नावाजलेले आहे आणि हा गंडोला सरकारी महामंडळाचा आहे. जमीन परदेशी नागरिकाच्या हाती सहजी जाणार नाही, एवढी तजवीज भारतीय कायद्यात आहे. म्हणजे निसेको जेथे हरले, तेथे गुलमर्ग तूर्त सुरक्षित आहे. निसेको जेथे जिंकले, तेथे काय?

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोघे दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन पाहुण्याचा बळी गेला. ती मंडळी स्थानिक माणूस सोबत न घेताच गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. आधीच्या वर्षीच्या गटात मात्र स्थानिक मार्गदर्शक होते. तेव्हा केवळ ‘वाटाड्या घ्या’ एवढ्याने भागत नाही. माथ्याखालच्या मुख्य उतारावर गस्त असते, पण दोन्ही अंगांच्या घळींत जाणाऱ्याला अडवणार कोण आणि कोणत्या अधिकाराने? हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा देशात आहे, सैन्याचे उच्च पर्वतीय युद्धशास्त्र विद्यालय तर गुलमर्गमध्येच आहे. ज्ञान परदेशातून आणायचे नाही. हवा आहे तो दरवाजा, आणि तो बंद करण्याची हिंमत.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जणांची हत्या झाली, त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर काश्मीरचे नाव निघताच घराघरांत चलबिचल होणे स्वाभाविक आहे. तो प्रश्न सुरक्षा दलांचा आणि शासनाचा. हिमाचा प्रश्न त्याने मिटत नाही, उलट येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी वाढते.

हिमही आता पूर्वीसारखे बेभरवशाचे राहिलेले नाही, अधिकच बेभरवशाचे झाले आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडे होते. २०२५ च्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा हिम नसल्याने फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. जुन्या, कठीण थरावर अचानक पडलेले नवे हिम सहज सुटते, हे डोंगरातल्या कोणालाही ठाऊक असते. दुसऱ्या टप्प्याचे तिकीट देताना सकाळचा इशारा पाहुण्याच्या हाती द्यावा, शोधयंत्राशिवाय घळीकडे कोणालाही सोडू नये, आणि दरवाजावर तंगमर्ग-गुलमर्गचीच, डोंगर जाणणारी मुले पगारी नेमावीत. परदेशी पाहुणा कुरकुरेल. निसेकोतही तो कुरकुरला होता, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा आला.