नवा डेस्कटॉप सारखा बंद पडतोय? ‘फॉरमॅट मारा’ हे उत्तर नव्हे!

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. चौलला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा जुना पीसी विंडोज ११ घेईना, म्हणून दिवाळीनंतर त्याने नवा डेस्कटॉप जोडून घेतला. मुंबईतल्या दुकानात जोडणी झाली आणि खोका एसटीने पेण, अलिबाग करत चौलच्या वाडीत पोहोचला. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘मामा, परत गेला!’ कधी निळा पडदा, कधी नुसताच रीस्टार्ट.

गावातल्या दुरुस्तीवाल्याने पंधरा दिवसांत तीनदा फॉरमॅट मारला. तिसऱ्या वेळी सगळे ड्राइव्ह पुसले गेले आणि त्यात बहिणीने दोन वर्षे ठेवलेला सुपारीचा हिशेबही गेला. तोवर दुकानाची बदलून देण्याची मुदत संपली होती. शेवटी दोष निघाला दोनपैकी एका रॅममध्ये.

ही एका घराची गोष्ट नाही. नवा संगणक बंद पडला की आपल्याकडे पहिला उपचार फॉरमॅटचाच होतो. माझ्या मते तो शेवटचा असायला हवा.

फॉरमॅटने नेमके काय होते?

फॉरमॅटने विंडोज नव्याने बसते. बिघाड विंडोज किंवा ड्रायव्हरमध्ये असेल तर उपयोग होतो. रॅम, एसएमपीएस किंवा प्रोसेसर सदोष असेल तर काहीच बदलत नाही. उलट आधीच्या बिघाडांच्या नोंदी पुसल्या जातात.

लक्षण फसवे असू शकते, याचे मोठे उदाहरण इंटेलचे आहे. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडत आणि पडद्यावर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. लोकांनी ग्राफिक्स कार्डला दोष दिला. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेत होते. ऑगस्टपासून बायोसमार्फत दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. आधीच खराब झालेला प्रोसेसर मात्र त्या अपडेटने सुधारत नाही. अशा मशीनला दहा फॉरमॅट मारले असते तरी व्यर्थ.

सॉफ्टवेअर नेहमी निर्दोष असते असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. म्हणून आधी तपास, मग निकाल.

सुरुवात कुठून?

हातातल्या फोनपासून. निळा किंवा काळा एरर पडदा आला की फोटो काढा. त्यावरचा स्टॉप कोड दिशा दाखवतो. काय चालू होते, किती वाजले होते, वीज लुकलुकली का, हे वहीत लिहा. विंडोजमधल्या ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये तारखेनुसार बिघाड दिसतात. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून एसएमपीएस बदलायला धावू नका. संगणक नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढेच ती सांगते.

ढोबळ फरक असा : कोणताही संदेश न येता मशीन झटकन बंद होत असेल तर आधी वीज आणि उष्णता तपासा. एरर पडदा येत असेल तर रॅम आणि ड्रायव्हरकडे आधी बघा.

वीज का तपासायची?

वाडीतल्या घरांवर माडाची झावळी तारेवर पडली की दिवे मिचकतात. टीव्हीला त्याचे काही वाटत नाही, पण संगणक रीस्टार्ट होतो. घरात २३० व्होल्टच्या आसपास वीज येते का, हे वायरमनकडून संध्याकाळी मोजून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. क्रॅशचे कारण तेच असेल असे नाही, पण जिवासाठी ते आधी दुरुस्त करा.

यूपीएसवरचा आकडाही नीट वाचा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. असे बरेच यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच भार घेतात. ग्राफिक्स कार्ड असलेले मशीन भरात असताना वीज गेली की यूपीएसच मान टाकतो आणि बोल संगणकाला लागतो.

खोका उघडल्यावर काय बघायचे?

स्विच बंद करा, प्लग काढा आणि मगच झाकण उघडा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. खड्ड्यांच्या प्रवासात जड ग्राफिक्स कार्ड आणि रॅम स्लॉटमधून किंचित सुटतात. त्या काढून पुन्हा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. मदरबोर्डची मोठी २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल दाबून बघा. कूलरच्या तळाचे प्लास्टिक काढायचे राहून गेल्याची उदाहरणेही असतात.

मग बायोस मूळ सेटिंगवर आणा. ६००० वेग लिहिलेली डीडीआर५ रॅम एक्सएमपी किंवा एक्सपो सुरू केल्यावरच त्या वेगाने धावते. एरवी ती सहसा ४८०० च्या आसपास असते. वाढीव वेग बंद केल्यावर क्रॅश थांबले तर धागा सापडला. नाही थांबले तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. त्यात एकही चूक आली तर एकेक रॅम त्याच स्लॉटमध्ये लावून पुन्हा तपासा. भाच्याची सदोष रॅम अशीच एका रात्रीत सापडली.

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालले, तर ते कशामुळे चालले हे कधीच कळत नाही. एवढे करूनही दोष सापडला नाही, तर डेटाची प्रत काढा आणि मग फॉरमॅट करा.

दुकानदाराची जबाबदारी कुठवर?

दुकानदार म्हणतात, सुट्या भागांत नफा थोडा, प्रत्येक मशीन रात्रभर तपासायला वेळ कुठला? हे खोटे नाही. पण चाचणीचे वेगळे पैसे सांगा, गिऱ्हाईक देईल. चौलहून मुंबईला खोका परत नेण्यात एक दिवस आणि एक खाडा जातो, त्यापेक्षा ते स्वस्तच आहे.

गिऱ्हाइकानेही हट्ट धरावा. जुळणी केलेल्या पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून बिलावर प्रत्येक भागाचे नाव आणि सिरियल नंबर हवा. ‘अ‍ॅसेम्बल्ड पीसी, एक नग’ असे बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही. बदलून देण्याची मुदत लेखी घ्या आणि त्या दिवसांत मशीन मुद्दाम भरपूर चालवा.

दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे चौलकराला मुंबई गाठायची गरज नाही. अलिबागचा जिल्हा आयोग पुरतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तिथे पुरावा लागतो, आणि तो तुमच्या वहीत आणि फोनमधल्या फोटोंत असतो.

भाच्याला रॅम वॉरंटीत बदलून मिळाली. हिशेब मात्र परत आला नाही. बहीण आता वहीतच लिहिते.