मांजरीचे म्हातारपण व आपले कर्तव्य

आपल्या करवीर भागातील कोणत्याही खेड्यात गोठ्यातील म्हैस सकाळी लंगडताना दिसली, तर तिचा धनी त्याच दिवशी पशुवैद्यास निरोप धाडतो. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघासारख्या संस्थांनी दुभत्या जनावरांसाठी तशी सोयही केली आहे, व ती योग्यच आहे. परंतु त्याच घरातील बारा वर्षांची मांजरी उडी मारण्यास कचरू लागली, म्हणजे आपण एवढेच म्हणतो, “म्हातारी झाली बिचारी!” एवढ्या उद्गारातच तिचे निदान व उपचार दोन्ही आटोपतात. ही रीत चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वार्धक्य हा रोग नव्हे. सांध्यांची झीज हा मात्र रोग आहे, आणि त्याच्या वेदना कमी करता येतात. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली असता ९० मांजरांत अशी झीज आढळली. मग ती आपल्या ध्यानी का येत नाही? कारण मांजर आपले दुखणे लपविते. तेव्हा ती लंगडते की नाही एवढेच न पाहता, तिने काय सोडून दिले ते पाहावे. एका झेपेत माळ्यावर जाणारी मांजरी आता आधी पेटीवर, मग कोनाड्यात, अशी टप्प्याटप्प्याने चढते काय? पाठीवरचे केस न चाटल्याने गुंतले आहेत काय? शौचाची नेहमीची जागा तिने सोडली काय? पाठीस हात लावताच गुरगुरते काय? यांपैकी एखादी खूण आठवडा दोन आठवडे टिकली, तर तिला पशुवैद्याकडे न्यावे. जोडीला वजन घटत असेल किंवा ती फार पाणी पीत असेल, तर इतकेही थांबू नये. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असण्याचा संभव असतो.

काही प्रसंगी तर तासाचाही विलंब घातक होय. मागील पाय एकाएकी लुळे व थंड पडून ती आक्रोश करू लागली, तर रक्ताची गुठळी अडकली असण्याची भीती असते. उंचावरून पडणे, पाय मुळीच न टेकणे, तोंड उघडे टाकून धापा टाकणे, लघवी अडणे, या वेळीही तत्काळ निघावे. आणि घरातील पॅरासिटामॉलची गोळी तिला कदापि देऊ नये. मांजराचे शरीर ते औषध पचवू शकत नाही, व एका गोळीनेही प्राण जाऊ शकतो.

कोणी म्हणेल, मांजरीसाठी एवढा खर्च व खटाटोप कशाला? म्हैस दूध देते, म्हणून तिचे दुखणे खिशास लगेच कळते, हे खरे. पण मांजरीचेही आपल्यावर ऋण आहे. प्लेगच्या काळात, १९०८ साली, डॉ. ब्युकॅनन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून मांजरे पाळणे हा त्या साथीपासून बचावाचा उपाय म्हणून सुचविला होता. शिवाय प्रत्येक वेळी मोठा खर्च येतोच असे नाही. चढण्यास एखादा पाट, निजण्यास मऊ गोधडी, अन्नपाणी खालीच ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ आराम पडतो. मात्र काय करावे हे तपासणीनंतर ठरावे, केवळ अंदाजाने नव्हे.

विद्यार्थीमित्रहो, येथे तुमचा उपयोग वडीलधाऱ्यांहून अधिक आहे. कारण मांजरीबरोबर खेळता तुम्ही. तिची चाल व उडी घरीच मोबाइलवर टिपून ठेवा. दवाखान्यात ती भयाने अंग चोरून बसेल, तेव्हा तेच चित्र वैद्यांच्या उपयोगी पडेल. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या १२व्या अध्यायात पशूंच्या जिवाची काळजी ही नीतिमान मनुष्याची खूण म्हणून सांगितली आहे. तेथे दुभत्या व भाकड असा भेद केलेला नाही. मांजरी आपले दुखणे बोलून दाखविणार नाही. ते ओळखणे हे तिला पाळणाऱ्याचे काम आहे.