नगरचर्चा : टेकडी, रस्ता आणि घरांतील मतें

पुण्यांतील सुशिक्षित घरांतून जेवणाच्या वेळीं जे विषय हटकून निघतात, त्यांत टेकडीचा विषय गेल्या कांहीं वर्षांत पुढें येऊन बसला आहे. राजकारणावर मतभेद झाला तर वडील मंडळी “असो” म्हणून तो मिटवितात. परंतु टेकडीवरून रस्ता न्यावा कीं नेऊं नये, हा प्रश्न निघाला म्हणजे “असो” म्हणून भागत नाहीं. हा वाद दूरच्या दिल्लीचा नव्हे, आपल्या दारांतला आहे. आणि त्याच्या दोन्ही बाजू पुष्कळदां एकाच पंगतीला बसलेल्या असतात.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें. घरांतील वडील गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक आहेत. सत्तरी उलटली तरी रोज पहाटे वेताळ टेकडी चढून येणें हा त्यांचा नित्यनेम. थोरली सून एका कचेरींत नोकरीस आहे. संध्याकाळीं लॉ कॉलेज रस्त्यावर वाहनांच्या रांगेंत तिचा बराच वेळ जातो. एके रात्रीं टेकडी वांचवावी अशा आशयाच्या निवेदनावर सर्वांनीं सह्या कराव्या, म्हणून मामंजींनीं कागद पुढें केला. धाकट्या मुलानें सही केली, कॉलेजांत जाणाऱ्या नातवानें केली. सूनबाईनें मात्र लेखणी हातीं घेऊन पुनः खालीं ठेविली. ती म्हणाली, “मामंजी, टेकडी मलाही हवी आहे. पण आपण टेकडीवरून परत येतां तेव्हां चहा तयार असतो. मी त्या रस्त्यावरून परत येतें तेव्हां माझी मुलगी पुष्कळदां झोंपलेली असते. माझा तो वेळ मला कोण परत देणार, हेंही या कागदांत लिहिलें असतें, तर मीं आनंदानें सही केली असती.”

म्हातारे गृहस्थ त्यावर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं कागदाची घडी घातली आणि तो पंचांगांत ठेवून दिला.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगत आहों. शहराच्या सुधारणेविषयीं नागरिकांचें मत काय, असें विचारलें जातें तेव्हां बहुधा दोनच रकाने पुढें ठेवले जातात: अनुकूल आणि प्रतिकूल. वर सांगितलेल्या सूनबाईचें मत या दोहोंपैकीं कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. आणि आमचा समज असा आहे कीं, शहरांतील निम्म्याहून अधिक लोकांचें मत तिच्यासारखेंच असावें.

प्रथम वादाचें स्वरूप पाहूं. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून सुमारें दोन किलोमीटरांचा रस्ता करावा, ही योजना कित्येक वर्षें चर्चेंत आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरील वाहनांचा भार त्यानें हलका होईल, असें योजनेच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें. विरोधकांचें म्हणणें असें कीं, टेकडी ही मोकळी पडलेली जमीन नव्हे. तिच्या काळ्या खडकाच्या भेगांतून पावसाचें पाणी मुरतें व खालच्या वस्तीच्या विहिरींना पोंचतें. तिच्यावर झाडें आहेत, मोर आहेत, आणि सबंध पश्चिम भागाला श्वास घेण्यास तेवढी एकच मोठी जागा उरली आहे. १५ एप्रिल २०२३ रोजीं आबालवृद्ध नागरिकांनीं टेकडीच्या रक्षणासाठीं पायीं मोर्चा काढला. त्याच महिन्याच्या अखेरीस नदीच्या कांठीं, ज्या नदीसुधार योजनेची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें झाली होती, तिच्यासाठीं झाडें तोडलीं जाऊं नयेत म्हणून लोकांनीं झाडांना मिठ्या मारल्या. ज्या वर्गाविषयीं तो घराबाहेर पडत नाहीं अशी तक्रार असते, तो वर्ग त्या दिवसांत बाहेर पडला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठचीं हजारों कुटुंबें एका दिवसांत निराधार झालीं. त्यांतील कित्येकांच्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगर अशा ठिकाणीं, टेकड्यांच्या पायथ्याशीं उठल्या. त्या वेळीं कोणी टेकडीचा पायथा मोकळा ठेवा म्हटलें असतें, तर तें माणुसकीला धरून झालें नसतें. शहराला जागा लागते, कारण माणसांना जागा लागते. म्हणून प्रत्येक नव्या बांधकामाला विरोध करणारा तो नागरिक, आणि अनुकूल असणारा तो ठेकेदाराचा मित्र, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं.

या संबंधांत पुण्याच्या इतिहासांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. शहरांत भव्य मंडई बांधावी असा बेत निघाला तेव्हां त्या मोठ्या खर्चास त्यांनीं विरोध केला. तो पैसा सामान्य जनतेच्या शिक्षणाकडे लागावा, अशी त्यांची भूमिका होती. विरोध मानला गेला नाहीं. मंडई १८८६ मध्यें उघडली आणि तिला त्या वेळच्या गव्हर्नरसाहेबांचें, लॉर्ड रे यांचें, नांव मिळालें. आज ती कोणाच्या नांवानें ओळखली जाते, हें पुण्यांतल्या लहान मुलासही ठाऊक आहे. या गोष्टीवरून मंडई बांधणें चूक होतें असें ठरत नाहीं. त्या वास्तूनें पिढ्यान् पिढ्या शहराला भाजी पुरविली. आणि विरोध करणारा चुकला असेंही ठरत नाहीं, कारण “आधीं कोणासाठीं?” हा त्याचा प्रश्न बिनतोडच होता. नगराच्या कारभारांत असा प्रश्न विचारणारा मनुष्य नगराचा शत्रू नसतो, एवढें त्या मंडईच्या नांवावरून आपण शिकलों तरी पुष्कळ झालें.

“सार्वजनिक” हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी भूमिगत नळानें शहरांत आणलें गेलें व ठिकठिकाणीं हौद बांधले गेले. बदामी हौद, काळा हौद हीं नांवें आपण अजून पत्ता सांगतांना घेतों. त्या जलव्यवस्थेचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु शहरांतल्या पाणवठ्यांवर अस्पृश्य मानलेल्या माणसांना ओंजळभर पाणी घेण्याची मोकळीक नव्हती, म्हणूनच १८६८ मध्यें जोतीरावांना आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठीं खुला करावा लागला; आणि १९२७ मध्यें डॉ. आंबेडकरांना महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तेव्हां एखादी जागा सार्वजनिक आहे किंवा नाहीं, हें ती कोणाच्या मालकीची आहे यावरून कळत नाहीं. तेथें कोणाला बिनदिक्कत बसतां येतें यावरून कळतें.

हीच कसोटी आजच्या बागांना व पदपथांना लावून पाहावी. आपल्या गल्लींतील बागेच्या वेळा कोणी ठरविल्या? दुपारच्या वेळीं, जेव्हां घरकामाच्या बाईला दोन घरांच्या कामांमध्यें तासभर टेकण्यास जागा हवी असते, तेव्हां बागेला कुलूप असतें. बाजाराच्या रस्त्यावर दुकानें पुष्कळ, पण बायकांसाठीं स्वच्छ शौचगृह शोधावें लागतें. म्हणून कित्येक भगिनी घराबाहेर पडण्यापूर्वीं पाणीच पीत नाहींत. हीं मतें कोणत्याही सभेंत मांडलीं जात नाहींत, कारण तीं बाळगणाऱ्यांना सभेला जाण्याची सवड नसते आणि कोणी त्यांना बोलावीतही नाहीं. डिसेंबर २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळण्याचा उपक्रम सुरू झाला. त्या दिवशीं वाहनें बंद ठेवून रस्ता पायीं चालणाऱ्यांच्या स्वाधीन करण्यांत आला, तेव्हां म्हातारींकोतारीं माणसें रस्त्याच्या मधून चाललीं. वर्षांतून एक दिवस निर्धास्तपणें चालतां यावें याचा उत्सव व्हावा, ही गोष्ट आनंदाची कीं खेदाची, तें वाचकांनींच ठरवावें.

आतां मत मांडण्याच्या मार्गाविषयीं दोन शब्द. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यान्वयें शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविणें बंधनकारक आहे. २०१३ मध्यें पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. पुढें २०१५ मध्यें तो आराखडा राज्यशासनानें आपल्या हातीं घेतला व २०१७ मध्यें मंजूर केला. एवढ्या हरकतींचें झालें काय, असें निराशेनें विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही दुसरें उदाहरण सांगूं. १९९७ मध्यें शहरांत समाविष्ट झालेल्या गांवांतील टेकड्यांची ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठीं राखून ठेवण्यास २०१५ मध्यें शासनाची मान्यता मिळाली. ती नागरिकांच्या कित्येक वर्षांच्या रेट्यावांचून मिळाली नसती. त्या जमिनींपैकीं पुष्कळ जमीन खाजगी मालकीची. तेव्हां मालकांस योग्य मोबदला मिळणें हाही न्यायाचाच भाग आहे, हें टेकडीवर प्रेम करणाऱ्यांनीं विसरूं नये.

शिवाय अंदाजपत्रकांत आपल्या प्रभागांतील लहान कामें सुचविण्याची सोय पुणें महानगरपालिकेनें २००६ पासून केलेली आहे. मार्च २०२२ मध्यें नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. ज्या काळांत दाद मागण्यास आपल्या वॉर्डाचा सभासदच नसतो, त्या काळांत तर नागरिकाच्या लेखी शब्दाची जबाबदारी दुप्पट होते.

परंतु तो शब्द नीट लिहिलेला हवा. “आमचा तीव्र विरोध आहे” एवढ्या एका वाक्याच्या हजार प्रती म्हणजे एकच हरकत होय. कोणत्या जागेविषयीं आपण लिहीत आहों, आराखड्यांत तिच्यावर कोणतें आरक्षण दाखविलें आहे, तेथें आज काय आहे, बदलानें कोणाचें काय बिघडेल, आणि त्याऐवजीं काय करावें, हीं पांच उत्तरें ज्या अर्जांत असतील तो अर्ज सहज बाजूस सारतां येत नाहीं. अर्जाची पोंच घ्यावी, सुनावणीचा दिवस कळल्यास स्वतः जावें, आणि घरांतील एकाच कर्त्या पुरुषानें सर्वांच्या वतीनें न लिहितां घरांतील निरनिराळ्या माणसांनीं आपापली अडचण लिहावी. एकत्र कुटुंबाची खरी शक्ति इथें आहे. आजोबांना बांक हवें, सुनेला वेळेवर येणारी बस हवी, मुलांना खेळण्यास मैदान हवें. एकाच छपराखालीं सबंध शहराची मागणी नांदत असते.

आणि एक अप्रिय गोष्टही बोलून टाकूं. टेकडीसाठीं सह्या करणाऱ्या आपल्यासारख्या घरांच्या दारांत किती मोटारी उभ्या असतात? त्यांपैकीं किती पदपथावर एक चाक चढवून उभ्या असतात? रस्ता रुंद करा ही ओरड ज्या गर्दीमुळें होते, त्या गर्दींत आपण स्वतः आहों. टेकडीला धोका ठेकेदारापासून जितका, तितकाच आपल्या या संवयीपासून आहे.

आमचें स्वतःचें मत कोणी विचारील तर तें असें: बस वाढवून पाहिली आणि उपयोग झाला नाहीं तर ती कमी करतां येते, वाहतूक एकेरी केली आणि चुकली तर पुनः दुहेरी करतां येते. फोडलेली टेकडी मात्र परत रचतां येत नाहीं. म्हणून जे उपाय मागें घेतां येतात ते सर्व आधीं प्रामाणिकपणें करून पाहावे, आणि जो मागें घेतां येत नाहीं त्यास शेवटपर्यंत हात लावूं नये. परंतु हे आधींचे उपाय करण्याची तळमळ टेकडीच्या रक्षकांनींच सर्वांत अधिक दाखविली पाहिजे, नाहीं तर सूनबाईचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

त्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून हा लेख संपवितों. पंचांगांत ठेवलेला कागद तसाच राहिला. पण मामंजी एका संध्याकाळीं पहाटेची काठी घेऊन लॉ कॉलेज रस्त्यावर गेले. बसण्यास बांक कोठें दिसेना, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. असे ते आठवडाभर गेले. घरीं येऊन म्हणाले, “सूनबाई, इतकीं वर्षें मी या रस्त्याच्या डोक्यावर फिरतों आहें, पण या वेळीं तो मीं कधीं पाहिलाच नव्हता. बहुतेक मोटारींत माणूस एकच, आणि बसच्या थांब्यावर माणसांची रांग.” पुढच्या रविवारीं सूनबाई मुलीला घेऊन त्यांच्याबरोबर टेकडीवर गेली. त्यानंतर नवा कागद लिहिला गेला, तो सूनबाईच्या अक्षरांत. टेकडी फोडूं नये, हें त्यांत होतेंच. त्याआधीं मात्र बसच्या फेऱ्या, मोकळा पदपथ, थांब्यावर सावली आणि बांक, यांची मागणी होती. शेवटीं एक ओळ अशी होती कीं, घरांतील दोन मोटारींपैकीं रस्त्यावर उभी राहणारी एक आम्ही काढून टाकीत आहों.

त्या कागदावर पहिली सही सूनबाईची होती. मामंजींनीं आपली सही तिच्या खालीं केली.