जुनी आलिशान मोटार घेताना : दोन लिटर की तीन?

करोल बाग म्हटले की दिल्लीकर मराठी माणसाला लग्नाची खरेदी, गफ्फार मार्केट आणि मोटारसायकलींच्या सुट्या भागांचे नाईवाला आठवते. याच भागात सेकंड हँड मोटारींचाही मोठा बाजार आहे. बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीझ, जग्वार अशा मोटारी येथे चकचकीत पॉलिश करून ओळीने उभ्या असतात. पन्नास-साठ लाखांना नवी घेतलेली गाडी पाच-सहा वर्षांत पुष्कळदा निम्म्या किमतीच्या आसपास येते. त्यामुळे मध्यमवर्गीय घरातही, 'आयुष्यात एकदा तरी' हा विषय निघू लागतो.

पेच पडतो तो पुढे. बाहेरून अगदी सारख्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीचे इंजिन दोन लिटरचे, दुसरीचे तीन लिटरचे. नव्या असताना त्यांच्या किमतीत असलेले मोठे अंतर आता थोड्या लाखांवर आलेले असते. विक्रेता म्हणतो, ''एवढे घालताच आहात, तर थोडे आणखी घाला.'' ऐकायला हे पटते. पण होकार देण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसलेले बरे.

नावावर जाऊ नका

गाडीच्या पाठीवरचा आकडा म्हणजे इंजिनाचा आकार, असे समजणाऱ्यांची फसगत होते. पूर्वीच्या बीएमडब्ल्यू 330आय गाडीत तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. 2019 मध्ये भारतात आलेल्या पिढीतील 330आयचे इंजिन मात्र 1998 सीसीचे, चार सिलिंडरचे आहे. टर्बोमुळे ते 258 अश्वशक्ती देते. त्याच पिढीत तीन लिटर हवे असेल तर 2021 मध्ये आलेली एम340आय पाहावी लागते. तिचे इंजिन 2998 सीसी, सहा सिलिंडर आणि 387 अश्वशक्तीचे आहे. म्हणून सीसी आणि सिलिंडरची संख्या नेहमी आरसीवर वाचून घ्यावी.

आधी इंधन, मग आकार

दिल्लीत इंजिनाच्या आकारावरून थेट सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला होता. डिसेंबर 2015 मध्ये दिल्ली आणि परिसरात 2000 सीसी व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नवी नोंदणी थांबवण्यात आली. पुण्याजवळ चाकणला जोडल्या जाणाऱ्या मर्सिडीझ ई 250 डिझेलचे इंजिन 2143 सीसीचे होते, म्हणून ती अडकली. चेन्नईत जोडली जाणारी बीएमडब्ल्यू 520डी 1995 सीसीची, ती सुटली. दोन्ही इंजिनांतला फरक 148 सीसी, म्हणजे चहाच्या एका कपाएवढा! ऑगस्ट 2016 मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क लावून ही बंदी उठवण्यात आली.

वयाचा प्रश्न मात्र राहिला. राजधानी क्षेत्रात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवू नयेत, या हरित लवादाच्या भूमिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये शिक्कामोर्तब केले. जुलै 2025 मध्ये अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधन नाकारण्याचा निर्णय लागू झाला आणि काही दिवसांतच थांबवला गेला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कठोर कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबर 2025 मध्ये ही सवलत बीएस-4 व त्यापुढील गाड्यांपुरती ठेवली. याखेरीज थंडीत प्रदूषण 'ग्रॅप'च्या तिसऱ्या टप्प्यावर गेले की बीएस-4 डिझेल मोटारींनाही दिल्लीत बंदी लागू होते.

तेव्हा करोल बागेत तीन लिटरची डिझेल सेडान अचंबा वाटावा इतक्या स्वस्तात मिळत असेल, तर तिची नोंदणी कधीची आहे ते आधी पाहावे. 2017 मध्ये नोंदलेल्या डिझेल गाडीची 10 वर्षे 2027 मध्ये भरतात. ज्यांना दिल्लीतच राहायचे आहे, त्यांनी 1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 पेट्रोल गाडी पाहणे शहाणपणाचे.

खर्च कुठे वाढतो?

बहुतेक जण पेट्रोलचा विचार करतात. समजा, महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालते. शहरात लहान इंजिन लिटरला 10 आणि मोठे 8 किलोमीटर देते असे धरू. वर्षाला 1200 विरुद्ध 1500 लिटर, म्हणजे 300 लिटरचा फरक. लिटरला 100 रुपये धरले तर 30 हजार रुपये, महिन्याला अडीच हजार. विम्यातही थर्ड पार्टीचा दर 1500 सीसीच्या वरच्या सर्व खासगी मोटारींना एकच असतो. इथपर्यंत मोठे इंजिन फारसे महाग वाटत नाही.

खरी झळ बसते ती वॉरंटी संपल्यावर. चारऐवजी सहा स्पार्क प्लग, सहा इग्निशन कॉइल, सहा इंजेक्टर. इंजिन ऑइल जास्त, ब्रेक मोठे. अशा बऱ्याच गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे-मागचे बदलून झीज सारखी करता येत नाही. आणि गाडीची किंमत निम्मी झाली, तरी सुट्या भागांची होत नाही! तीस लाखांत घेतलेल्या गाडीची दुरुस्ती साठ लाखांच्या गाडीच्या भावानेच करावी लागते.

या बदल्यात काय मिळते? कंपनीच्या आकड्यांनुसार 330आय शून्यापासून 100 किलोमीटरचा वेग 5.8 सेकंदांत गाठते, एम340आय 4.4 सेकंदांत. पुसा रोडच्या सिग्नलवर या 1.4 सेकंदांचा उपयोग नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींना सपाट भागात ताशी 100 किलोमीटरचीच मर्यादा आहे.

तरीही सहा सिलिंडरच्या इंजिनाचा मऊपणा आणि आवाज यांची मजा वेगळीच, हे मान्य करायला हवे. ज्यांना वरचेवर लांबचा प्रवास असतो, ज्यांच्या घरी रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे आणि गाडीचे पैसे देऊनही ज्यांच्याकडे दुरुस्तीसाठी दोन-तीन लाख वेगळे शिल्लक राहतात, त्यांनी ती हौस जरूर करावी. ज्यांना त्यासाठी मुलांच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावावा लागेल, त्यांनी दोन लिटरवर समाधान मानावे. तीही काही लेचीपेची गाडी नव्हे.

पैसे देण्यापूर्वी

* सर्व्हिसची पूर्ण नोंद मागा. नीट सांभाळलेले लहान इंजिन हे नोंदी नसलेल्या मोठ्या इंजिनापेक्षा केव्हाही चांगले.
* इंजिन थंड असताना सुरू करून पाहा. आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.
* आरसीवरील इंजिन व चासी क्रमांक गाडीशी ताडून पाहा. कर्जाची नोंद असल्यास बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 घ्या.
* एप्रिल 2023 पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत परवान्याची तरतूद आहे. तो पाहायला मागा.
* मालकी बदलासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी पुण्याला किंवा नागपूरला न्यायची असेल तर फॉर्म 28 वर एनओसी घ्यावी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो किती, हे तिथल्या आरटीओत आधी विचारा. दिल्लीतला स्वस्त सौदा या रकमेने बरेचदा महाग होतो.

विक्रेत्याला बयाणा देण्याची घाई असते, घेणाऱ्याला नसावी. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा माहितीतल्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्यायला दोन-चार हजार रुपये गेले तरी चालतील. त्याला विक्रेता तयार नसेल, तर इंजिन दोन लिटरचे असो की तीन, ती गाडी तिथेच सोडून यावी.