प्रश्नचिन्ह कोणाचे?

इंग्रजी लेखनात प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत घालावे की बाहेर, हा प्रश्न मुद्रकावर सोपवून मोकळे होण्याची वृत्ती आमच्या सुशिक्षित वर्गात चांगलीच मुरली आहे. "चिन्ह इकडे असले काय नि तिकडे असले काय, अर्थ कळल्याशी कारण!" असा या मंडळींचा युक्तिवाद असतो. आमचे म्हणणे असे की, येथे बिघडतो तो अर्थच.

ही दोन वाक्ये पाहावीत:

ही आस्क्ड, "आर यू रेडी?"

डिड ही से, "आय ॲम रेडी"?

पहिल्यात प्रश्न मूळ वक्त्याचा, म्हणून चिन्ह आत. दुसऱ्यात वक्ता ठाम विधान करीत आहे. विचारणारा लेखक आहे, म्हणून चिन्ह बाहेर. ते आत ढकलले, की ज्याने निश्चयाने सांगितले त्याच्याच तोंडी संशय घातला जातो. साक्षीदाराच्या जबानीत असे घडले, तर त्याला कोणी निव्वळ मुद्रणदोष म्हणेल काय? दोघेही प्रश्नकर्ते असतील, तर मात्र आतले एकच चिन्ह पुरते.

"सर्व चिन्हे आतच" हा घोकीव नियम कित्येक शिक्षक सांगतात. त्याचे मूळ अमेरिकन प्रघातात असावे. तेथे पूर्णविराम व स्वल्पविराम अवतरणाच्या आत घालतात. उलट फौलर बंधूंनी १९०६ साली 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथात चिन्हे अर्थानुसार ठेवण्याचा कैवार घेतला. परंतु हा वाद त्या दोन चिन्हांपुरता. प्रश्नचिन्हाचे स्थान अर्थानेच ठरते, हे दोन्ही देशांना मान्य आहे. तेव्हा या नियमाला अमेरिकेचाही आधार नाही.

दुसरी चूक मात्र आमची घरची आहे. "त्याने विचारले की, तू कोठे राहतोस?" ही मराठीची सरळ रीत, तीत प्रश्न प्रश्नच राहतो. इंग्रजीत 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड' असे म्हटले, की प्रश्नाचे निवेदन झाले. तेथे अवतरणही नाही आणि प्रश्नचिन्हही नाही, केवळ पूर्णविराम. मराठीच्या सवयीने तेथे प्रश्नचिन्ह ठोकणारे पदवीधर आम्ही शेकड्यांनी पाहिले आहेत.

मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात ही चिन्हे मराठीत रुजविली. शतकाहून अधिक काळ ती वापरूनही आम्ही त्यांना कागदावरची नक्षीच समजत असू, तर दोष इंग्रजीच्या कठीणपणाचा नव्हे. कोणाचे बोलणे कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, याची चाड नसणे हा आळस बुद्धीचा. आणि दुसऱ्याचे शब्द उद्धृत करणाराला तो शोभत नाही.