विद्वान लागून गेले!

मराठी माणसाला कुणाची जिरवायची असली की शिव्यांची गरज पडत नाही. ‘मोठा विद्वान लागून गेलास’ एवढं पुरतं. शहाणा हा किती चांगला शब्द, पण त्याला ‘दीड’ लागला की संपलाच. ‘आले आमचे बृहस्पती’ म्हटल्यावर आलेल्याने काय समजायचं ते समजावं. तालमीतला वस्ताद म्हणजे पोरं घडवणारा माणूस. तालमीबाहेर मात्र ‘मोठा वस्ताद आहे तो’ असं कानावर आलं की आपण खिसा चाचपतो. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगितली आणि शेवटचा अख्खा समास पढतमूर्खांसाठी राखून ठेवला.

यंदाचा आमचा अंक व्यासंगावर आहे. तो जुळवताना ही थट्टा सारखी आठवत होती, कारण टेबलावर लेखकांचे परिचय येऊन पडत होते. जो तो ‘ज्येष्ठ विचारवंत’, नाही तर ‘गाढे अभ्यासक’. ‘तज्ज्ञ’ तर इतके, की वाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चांना पुरून उरतील.

एके काळी हे शब्द पारखून मिळत. संहिता, ब्राह्मण, आरण्यक आणि पुढे वेदांगं धरून दहा ग्रंथ ज्याला मुखोद्गत, तो दशग्रंथी. घनपाठी म्हणवून घेणं आणखी अवघड. आधी पहिलं-दुसरं पद म्हणायचं, मग दुसरं-पहिलं, मग पहिलं-दुसरं-तिसरं, उलट तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा सुलट पहिलं-दुसरं-तिसरं. एवढं झालं की एक पद पुढे सरकून हीच उलटसुलट नव्याने. स्वर हलता कामा नये. समोर दुसरा घनपाठी बसलेला असला की चूक लपत नसे.

पण ही पारख ज्या दाराआड चाले ते दार किती जणांना उघडं होतं, हेही सांगायला हवं. जातीने बहुतेकांना बाहेर ठेवलं आणि बाईला तर आतल्या घरातही बाहेरच ठेवलं. शास्त्रीबुवांची बायको ती शास्त्रीणबाई, वैद्यबुवांची वैद्यीणबाई. विद्या नवऱ्याची आणि प्रत्यय तेवढा बायकोचा! अनंतशास्त्री डोंगरे यांनी मात्र पत्नीला, लक्ष्मीबाईंना, खरोखरच संस्कृत शिकवलं आणि त्यापायी विद्वानांचा रोष ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. ही मुलगी १८७८ साली कलकत्त्याला गेली, तेव्हा तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. वय अवघं वीस. ‘पंडिता’ हा शब्द रमाबाईंच्या नावाला असा चिकटला की आजही त्याशिवाय ते नाव अपुरं वाटतं.

पदव्या इंग्रज सरकारनेही वाटल्या. राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून १८८७ मध्ये ‘महामहोपाध्याय’ हा किताब सुरू झाला. आपल्याकडे तो पां. वा. काणे यांना मिळाला. खरं तर काण्यांना त्याची काही गरज नव्हती. व्यवहारमयूखाच्या प्रस्तावनेसाठी म्हणून हाती घेतलेला विषय वाढत गेला आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला. अखेरचा १९६२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. सगळी मिळून साडेसहा हजारांहून अधिक पानं, आणि जोडीला वकिली. ‘महामहोपाध्याय’ हा शब्द उच्चारताना आज जी दबकी अदब वाटते ती राणीमुळे नव्हे, काण्यांसारख्यांमुळे.

मराठी कुचेष्टा करते ती मिरवण्याची. काम समोर आलं की तिची जीभ आवरते. मला वाटतं, म्हणूनच आपल्याकडची सर्वांत चांगली पदवी ‘कार’ ही आहे. निबंधमालाकार चिपळूणकर, ज्ञानकोशकार केतकर. केतकरांनी कॉर्नेलहून डॉक्टरेट आणली होती. पण महाराष्ट्राने नावामागे लावला तो ज्ञानकोश. तेवीस खंड फडताळात उभे असताना ‘कार’ शब्दाची चेष्टा कोण करणार?

‘कार’ मात्र एकाच नावाला लागतो, ही त्याची उणीव. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाले, तेव्हा कागदावर बारीक चौकोन आखलेले असत. वरच्या ओळीत श्लोक लिहायचा, एका चौकोनात एकच अक्षर. खाली एकेका पोथीतला पाठभेद त्याच त्या अक्षराखाली नोंदायचा. पोथी शारदा लिपीतली असेल, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ किंवा मल्याळम लिपीतली असेल. त्या त्या लिपीचे जाणकार ओळीने बसत. काही काम शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या सरस्वती महालातही झालं. केंब्रिजला गणित शिकलेले विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून प्रमुख संपादक होते. १९४३ मध्ये ते गेले. आवृत्ती पुरी झाली १९६६ मध्ये. सुखटणकरांचं नाव जगभर गेलं. चौकोन भरणाऱ्यांसाठी आपण अजून चांगला शब्द घडवलेला नाही. ‘व्यासंगी’ त्यातल्या त्यात जवळचा. कुणी कुणाला चिडवायला वापरल्याचं तरी माझ्या ऐकण्यात नाही.

म्हणून या अंकात लेखकांच्या परिचयातली सगळी विशेषणं आम्ही काढून टाकली आहेत. ज्येष्ठ नाही, प्रख्यात नाही, गाढे तर नाहीच. कुणी काय लिहिलं, शोधलं, जमवलं, शिकवलं एवढंच छापलं आहे. काही लेखक नाराज झाले. फोनवर तसं स्पष्ट सांगून मोकळेही झाले. त्यांच्या नाराजीचा मान राखूनही निर्णय बदललेला नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या, जुनं बियाणं राखून ठेवणारी आजी, तालुक्यातल्या वीरगळांच्या नोंदी वर्षानुवर्षं करत बसलेला शिक्षक, असं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर आम्हाला कळवा. पाणाड्याच्या किती विहिरींना पाणी लागलं आणि किती कोरड्या गेल्या, हेही लिहा. पत्र एका पानाचं पुरे, आणि त्यात पदवी नको, काम हवं. निवडक पत्रं पुढच्या दिवाळी अंकात छापू.



— संपादक