तळं खुलं आहे म्हणे

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण २०२५ च्या १४ ऑक्टोबरला आणखी एक भानगड झाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची फुकट दुरुस्ती थांबवली. म्हणाले, आता ११ घ्या. ११ साठी मशीनमध्ये टीपीएम २.० पाहिजे, प्रोसेसर त्यांच्या यादीतला पाहिजे. नसेल तर तुमचं चालतं मशीन एका रात्रीत बाद.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. बाद कशाला म्हणतात ते मला कळतं. दोरखंड कुजला, पत्रा सडला, हूक वाकला, तेव्हा बाद. माझ्या लॅपटॉपचं काहीच कुजलं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून साडेचार हजाराला घेतलेला, तिसऱ्या हाताचा, पण कविता टाईप करायला ठणठणीत. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो उघडूनही न बघता बोलला, ‘‘फेक रे. तुझ्यासारख्याला मोबाईल बस झाला.’’

तुझ्यासारख्याला. हा शब्द आपण लांबून ओळखतो, दोस्तांनो.

त्याच रविवारी राजोडीच्या खोलीत बसून मी त्या मशीनवर हाताने आर्च लिनक्स चढवलं. फुशारकी म्हणून सांगत नाही. त्यातून डोक्यात एक भांडण उभं राहिलंय, ते तुमच्यापुढे टाकायचंय.

आधी हे प्रकरण काय ते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचा मुकादम. कुठल्या प्रोग्रामला किती जागा, कुणाचा नंबर आधी, कुणाला गेटाबाहेर काढायचं, सगळं तो ठरवतो. विंडोजच्या मुकादमाची वही बघायला मिळत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमनने याविरुद्ध बंड पुकारलं. प्रोग्राम चालवायचा, आतून वाचायचा, बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क प्रत्येकाला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने, वय वर्षं २१, लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. दोन्ही मिळून जे झालं त्याचे आज शेकडो अवतार आहेत. आर्च त्यातलं एक, २००२ पासूनचं. बाकीचे बरेचसे रंगवलेली खोली देतात. आर्च विटा देतं आणि म्हणतं, बांध.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. काळा पडदा. एक ओळ, पुढे लुकलुकणारी रेघ. बटन नाही, चित्र नाही, ‘नेक्स्ट’ नाही. ज्याने आयुष्यभर कुणीतरी ‘इथं सही कर’ म्हणण्याची वाट बघितली, त्याला तो पडदा घाबरवतो. मीही पाच मिनिटं नुसता बघत बसलो. बाहेर सुरूच्या बनात पिकनिकवाले गाणी लावून नाचत होते.

मोबाईलची वायर जोडली, नेट आलं. मग डिस्कचे तुकडे पाडायचे. इथं जुनं सगळं जातं, म्हणून तो प्रोग्राम नुसत्या ‘वाय’वर ऐकत नाही, पूर्ण ‘येस’ लिहून घेतो. मग तुकडा आखायचा, मग तो ‘माउंट’ करायचा. माउंट म्हणजे डोंगर एवढंच मला शाळेत शिकवलेलं. इथं त्याचा अर्थ तुकडा जागेवर जोडणं. दहावीच्या इंग्रजीवर ती पोथी वाचत होतो, एका बाजूला मोबाईलमध्ये डिक्शनरी. पॅकस्ट्रॅप म्हणून एक हुकूम आहे, तो मूळ सामान खेचून आणतो. मग आर्च-क्रूट, म्हणजे अजून न उठलेल्या घरात शिरून आतून काम करायचं. घड्याळ एशिया-कोलकाता. रूटचा पासवर्ड, जो टाईप करताना एक टिंबसुद्धा दिसत नाही. शेवटी ग्रब, म्हणजे मशीन जागं झालं की कुठं जायचं ते सांगणारा दारवान. रीबूट.

उठलं! रात्री अडीच वाजता खोलीत मी एकटाच ओरडलो.

आणि मग कळलं की नेट नाही. नेटवर्क मॅनेजर टाकायलाच विसरलेलो. तुम्ही सांगितलं नाही ते आर्च टाकत नाही, ही त्याची शिस्त. तेवढ्यात लाईट गेली. बॅटरी कधीचीच मेलेली, म्हणजे मशीन पण गेलं. पहाटे लाईट आल्यावर परत पेनड्राइव्ह, परत माउंट, परत क्रूट. नालासोपाऱ्याला लोकलमध्ये घुसलो तेव्हा डोळे लाल होते. टोळीतले विचारत होते, ‘‘रात्री किती घेतलीस?’’

आता भांडण.

त्या सिस्टीममध्ये एक फाईल आहे, तिच्यात जगभरच्या भाषांची यादी. मराठीची ओळ तिच्यात आहे. पण ओळीच्या आधी हॅशची खूण. खूण असली की मशीन ती ओळ वाचत नाही. पुसली, लोकेल-जेन हा हुकूम दिला, की भाषा चालू. खोटं कशाला बोलू, खूण इंग्रजीच्या ओळीपुढेही असते. पण इंग्रजीची पुसली की काम भागतं, मराठीची पुसून भागत नाही. कारण त्या काळ्या पडद्याकडे अक्षरांचे साचे फार तर ५१२, आणि अक्षराला अक्षर जोडायची अक्कल त्याला नाही. मराठी लिहिली की नुसते चौकोन. यार्डातल्या बंद कंटेनरची रांग. म्हणजे रूट मी, मालक मी, आणि माझी भाषा सीलबंद!

मग चित्रांचा पडदा चढवावा लागला, नोटोचे फॉन्ट आणावे लागले. अक्षरं जोडायचं काम हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. पहिले दोन शब्द टाईप केले, दर्या आणि दऱ्या. एक राजोडीसमोरचा, दुसऱ्या माझ्या बापाच्या गावच्या, जिथं उन्हाळ्यात पाणी नसतं. एकाचा रफार डोक्यावर, दुसऱ्याचा पापणीसारखा पुढे. ज्या मशीनला हा फरक कळत नाही त्यावर मराठी कविता लिहू नये. माझ्या ‘बाद’ मशीनला तो कळला.

‘ओपन सोर्स’वाले सांगतात, हे सगळ्यांना खुलं आहे. खुलं. हा शब्दही आपल्या ओळखीचा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, सरकारी पैशावरचे पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पक्का होता. पण पायऱ्या कोरड्याच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब उतरले, मागून हजारो उतरले, तेव्हा ते पाणी आपलं झालं. मग डोकी फुटली, मग शेण-गोमूत्राने तळं ‘शुद्ध’ झालं, मग कोर्टबाजी, ती थेट १९३७ पर्यंत.

मी दोन्ही गोष्टी एका तराजूत टाकत नाही. तिथं माणसांनी रक्त सांडलं, इथं माझी एक झोप गेली. पण खुलेपणाचा कागद आणि पायऱ्यांवर पडलेलं पाऊल यातलं अंतर तेच. पोथी इंग्रजीत. शंका विचारली की ‘आधी वाचून ये’. आणि ‘मी आर्च वापरतो’ हे जानवं बाहेर काढून दाखवल्यासारखं सांगणारी पोरं! साल्यांनी इथंही मठ काढलेत. तरी मी भांडेन तर याच तळ्यावर. दुकानात पाणी विकत मिळेल, वही मिळणार नाही. इथं वही उघडी आहे आणि उतरायला बंदी नाही. उतरलेलेच थोडे आहेत.

२०२१ पासून आर्चमध्ये आर्चइन्स्टॉल आलंय. ते चार प्रश्न विचारून सगळं आपलं आपण करतं. वापरा, पाप नाही. पण एकदा तरी हाताने करा. ज्याने स्लिंग स्वतः बांधलीय त्याला वरचा माल कधी सुटणार ते आधी कळतं.

आपल्यातलेच काही दोस्त माझ्यावर खवळलेत. बेकारी आहे, झोपड्या तुटतायत, आणि तू काळ्या पडद्याशी काय खेळतोस? प्रश्न बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच: रेशन मशीनवर, शिष्यवृत्तीचा अर्ज मशीनवर, हजेरी मशीनवर. माझा आजा मस्टरवर अंगठा लावायचा, कारण त्याला अक्षर येत नव्हतं. मी मॅट्रिक झालो, आणि रोज गेटावर अंगठाच लावतो. पोरांना संगणकाच्या क्लासात घालतो, तिथं कुठलं बटन दाबायचं ते शिकवतात, बटनामागे कोण बसलंय ते नाही. केरळात सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत. तिथं जमलं ते आपल्या वस्तीत का जमू नये?

ज्यांना आर्च झेपणार नाही त्यांनी डेबियन घ्यावं. त्याचा इन्स्टॉलर मराठीतून चालतो, म्हणजे कुणीतरी बसून ओळ न् ओळ मराठीत आणलीय. त्यातलीही मराठी फक्त चित्रांच्या पडद्यावर दिसते, काळ्यावर नाही. कारण वर आलंच आहे.

आर्चच्या पोथीचा मात्र मराठी उतारा पाहिजे. जड परिभाषेतला नको, आपल्या बोलीतला. आमच्या स्टेशनाकडच्या सोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये मिळाला. एवढा मोठा राजा, पण त्याने दगडावर लोकांची प्राकृत कोरली, संस्कृत नाही. आपल्याला तर नुसते कागद काढायचेत. मी चार पानं लिहिलीत. ‘माउंट’ला ‘जोडणी’ लिहिलंय, ‘रूट’ला अजून शब्द सापडलेला नाही. ‘मालक’ लिहायला हात धजत नाही. कुणाला सुचला तर कळवा.

येत्या रविवारी कळंबचा एक पोरगा त्याचं डबडं घेऊन खोलीवर येणार आहे. त्याला निरोप दिलाय, पेनड्राइव्ह चार जीबीचा चालेल, मोबाईलची वायर आण, आणि लाईटचा भरवसा नाही, सकाळी लवकर ये.